गुरुवारचा पाइप

आधीच सांगून टाकते — मी संशयी बाई आहे. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, बुवा-बाबांवर नाही, आणि दूधवाल्याच्या मापावर तर मुळीच नाही. सदतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. वारा का वाहतो, भरती का येते, हे मुलांना फळ्यावर काढून दाखवलं. त्यामुळे इथे लोक जे अनुभव लिहितात ते वाचताना माझ्या मनात पहिला प्रश्न येतो — "याचा फायदा कुणाला?" तोच प्रश्न मी माझ्या या अनुभवालाही हजारदा विचारलाय. अजून उत्तर नाही, म्हणून लिहायला बसले.

गोष्ट सिल्वासाची आहे, अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद सालातली. आम्ही मूळचे चिपळूणकडचे. यांना तिथे सरकारी सर्व्हे खात्यात नोकरी लागली आणि मला मराठी शाळेत. टोकरखाड्याच्या बाजूला जयंतीभाई म्हणून एक गुजराती गृहस्थ होते, त्यांच्या एकमजली घराच्या वरच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या. खाली जयंतीभाई आणि त्यांच्या पत्नी मंजुबेन. मागच्या परसात एक सुटी खोली, तिच्यात सुकदेव नावाचा एकटा माणूस राहायचा. मूळचा धुळ्याकडचा, मसाटच्या एका कारखान्यात मशीनवर. वय असेल पस्तिशीचं. वर गच्ची. गच्चीचा जिना आमच्या दारावरूनच जायचा, त्यामुळे कोण वर गेलं, कोण खाली आलं याची नोंद माझ्या डोक्यात आपोआप व्हायची.

आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरचा. मी त्याला क्रोशाचं झाकण विणलं होतं. रविवारी सकाळी पौराणिक मालिका लागली की मंजुबेन अंघोळ करून, उदबत्ती घेऊन वर यायच्या — त्यांच्याकडेही टीव्ही होता, पण "साथे जोवानी मजा आवे, बेन!" म्हणायच्या. दारात चपलांचा ढीग. कुणी मधेच बोललं की दहा जण "श्शू!" करणार. जाहिराती लागल्या की मी कुकर लावून यायची. रात्रीच्या हिंदी मालिकेतल्या कुटुंबात कुणाचं लग्न ठरलं की आमच्या जिन्यावर चर्चा — मुलगा बरा आहे, पण सासूचं लक्षण ठीक दिसत नाही. ते दिवस आठवले की अजून जीव सुखावतो.

पण मराठी कार्यक्रम बघायचे म्हणजे कसरत. गच्चीवर एकच उंच लोखंडी पाइप, त्यावर अँटेना, आणि त्याच्या दोन वायरी — एक आमच्याकडे, एक खाली. पाइप मुंबईकडे फिरवला की मराठी दिसायचं, सुरतेच्या बाजूला फिरवला की गुजराती. गच्चीच्या एका कोपऱ्यात पाण्याची टाकी होती आणि समोरच्या बाजूला दूर एक ताडाचं झाड. त्यामुळे आमच्या घरात दिशा दोनच — टाकी म्हणजे मुंबई, ताड म्हणजे सुरत. जयंतीभाईंशी ठरलं होतं की पाइप एरवी ताडाकडे, आणि गुरुवारी संध्याकाळी साडेसात ते आठ टाकीकडे.

गुरुवारचा हा अर्धा तास आमच्या आप्पांसाठी होता. आप्पा म्हणजे माझे सासरे. अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली, म्हणून आम्ही त्यांना चिपळूणहून आमच्याकडे आणलं. खिडकीशी त्यांची खुर्ची ठेवली. बडबडा माणूस... आता नुसता डावा हात हलायचा.

इथे माझं एक खासगी सांगायला हवं. लग्नात आमच्याकडे मुलीचं नाव बदलतात. ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं गेलं — वैशाली. सासरी, शाळेत, सिल्वासात मी वैशालीच. हे मला "अगं" म्हणतात. पण आप्पांना ते नाव बदलणं पटलं नव्हतं. "मुलगी आणली, तिचं नाव तिकडेच ठेवून आलो की काय?" म्हणाले, आणि पहिल्या दिवसापासून मला माझ्या माहेरच्या नावानं हाक मारू लागले. माझे आईवडील गेल्यावर त्या नावानं हाक मारणारे जगात ते एकटेच उरले होते. झटका आल्यापासून ते नाव मी ऐकलं नव्हतं. ते परत ऐकायचं, एवढंच मला हवं होतं. बाकी नवस-सायास नाहीत.

डॉक्टर म्हणाले, बोलतं करायचा प्रयत्न करा, ऐकवत राहा. मी पाढे म्हटले, आरत्या म्हटल्या... काही नाही. आणि एका गुरुवारी तो प्रकार घडला. ती मालिका एका साध्या कुटुंबाची होती — बँकेतला कारकून, बायको, तीन मुली आणि निवृत्त पोस्टमास्तर आजोबा. भाग संपताना आजोबा भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायचे आणि म्हणायचे, "चला, उद्याचं उद्या!" त्या दिवशी आजोबा तसं म्हणाले आणि खुर्चीतून आवाज आला — "चला."

मी कांदा चिरत होते. सुरी तशीच टाकून धावले. त्यानंतर दर गुरुवारी तो एक शब्द यायचा. आठवड्यातून एकदा, आठला दोन मिनिटं कमी असताना. एरवी कितीही विनवण्या करा, ओठ हलायचे नाहीत. आता कळलं असेल, तो पाइप माझ्यासाठी काय होता.

पाइप फिरवायचं काम सुकदेवभाऊंचं. त्यांची पहिली पाळी असायची, संध्याकाळी मोकळे. साडेसातला तीन-चार मिनिटं असताना जिना चढायचे, आणि मग वरून आरोळी — "दिसी राह्यलं का?" मी खिडकीतून, "मुंग्या आहेत अजून!" थोड्या वेळानं पुन्हा, "आता दिसी राह्यलं का?" मग मी, "दिसतंय! सोडा आता!" 'सोडा आता' म्हटलं की पाइपावरचा हात काढायचा, असा आमचा रिवाज. आप्पांना या ओरडाआरडीची फार गंमत वाटायची. डावा हात वर करून तेही खूण करायचे. आठनंतर सुकदेवभाऊ पाइप परत ताडाकडे फिरवून खाली यायचे, आप्पांपाशी दोन मिनिटं बसायचे आणि जायचे. चहा दिला तर घ्यायचे, मागायचे नाहीत. मला सगळे बाई नाहीतर वहिनी म्हणत, ते वहिनी म्हणायचे.

मेच्या शेवटी अँटेनाजवळची बूस्टरची डबी नाहीशी झाली. ती नसली की टाकी काय नि ताड काय, नुसत्या मुंग्या. एक गुरुवार गेला. आप्पा पडद्याकडे बघत बसले, शब्द नाही. दुसरा गुरुवार गेला. त्यांनी मान फिरवून घेतली आणि रात्री जेवले नाहीत. माझं डोकं फिरलं. गच्चीवर जातं कोण? सुकदेव. वायरींची समज कुणाला? सुकदेवला. शुक्रवारी ते कामावरून आले तेव्हा त्यांच्या पिशवीत काहीतरी टणक, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं दिसलं. जयंतीभाई अंगणात होते, शेजारचे दोघं होते. मी सरळ म्हणाले, "भाऊ, पिशवी दाखवा."

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. कागदात एक लोखंडी दांडा निघाला, दोन पट्ट्या जोडलेला. पाइपाला बसवायचा दांडा. कारखान्यातल्या वेल्डरकडून भंगारातून करून घेतला होता. "परत फिरवताना हात सरकस, म्हणून..." एवढंच म्हणाले. त्या आठवड्यातच त्यांनी खोली सोडली. राखोलीच्या एका कारखान्यात जागा धरली म्हणे. दांडा आमच्या दारात ठेवून गेले.

मंजुबेन तेव्हा वापीला भावाकडे गेल्या होत्या. आल्या आणि तुरीच्या डाळीच्या पिंपातून डबी काढून माझ्यासमोर धरली. आभाळ गडगडायला लागलं तेव्हा वीज पडेल म्हणून त्यांनी शेजारच्या वायरमनकडून ती उतरवून, जुन्या परकरात गुंडाळून ठेवली होती! "तमने कहेवानुं भूली गई, बेन," म्हणाल्या. मला त्यांचा राग आला, पण खरं सांगायचं तर लाज जास्त वाटली. उतावळा नवरा म्हणतात, इथे उतावळी बायको होती.

डबी बसली. दांडाही यांनी पाइपाला घट्ट बसवला. आला गुरुवार. हे ऑफिसातून आले नव्हते. आप्पांना चमच्यानं पेज भरवणं चाललं होतं, ती संपवून मीच वर जाणार होते. टीव्ही लावून ठेवला होता, पडद्यावर मुंग्या. सात वाजून पंचवीस मिनिटं झाली, आणि चित्र सरकत सरकत स्वच्छ झालं. मुंबईची मराठी बाई निवेदन करत होती.

मला वाटलं जयंतीभाईंनी फिरवला, आमच्यावर दया येऊन. खाली जाऊन विचारलं तर ते वैतागलेले. "अमे तो हाथ पण नथी लगाड्यो! अमारुं चित्र गयुं!" त्यांचा काय फायदा? मग हे म्हणाले, वारा असेल. मी म्हटलं, वाऱ्याला गुरुवार कळतो का?

पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. आता माझ्या अंगात संशय भरला. माझी खात्री झाली — सुकदेव येतो. चोरून जिना चढतो, पाइप फिरवतो, जातो. कशासाठी? मला लाजवण्यासाठी. मी गच्चीच्या दाराला नवं कुलूप लावलं, किल्ली कमरेला. नखांचं लाल पॉलिश घेऊन पाइपावर आणि खालच्या बैठकीवर खुणा केल्या — एक ताडाची, एक टाकीची. बुधवारी रात्री पाइप ताडाच्या खुणेवर आहे हे बघून घेतलं. गुरुवारी जिन्यावर रांगोळी भुरभुरली आणि दार उघडं ठेवून जिन्यात नजर लावून बसले. चिटपाखरू फिरकलं नाही. सात पंचवीसला आतून मराठी ऐकू आलं. आठला आप्पा म्हणाले, "चला." मी रांगोळी बघितली, तशीच. कुलूप तसंच. वर गेले, लाल खूण टाकीवर बरोबर जुळलेली... केसभर इकडे नाही की तिकडे नाही. बाहेरून चढावं तर गच्चीला आधार एका सांडपाण्याच्या नळाचा. साठीचे जयंतीभाई त्यावर चढतील? हे असं चार गुरुवार चाललं; आठनंतर पाइप परत ताडाकडे मीच फिरवायची. यांच्यावरसुद्धा संशय घेऊन झाला. हे हसले. "तू एक दिवस स्वतःवरच पहारा ठेव," म्हणाले.

त्या मालिकेचा शेवटचा भाग पुढच्या गुरुवारी, असं पडद्यावर सांगितलं, आणि मला धसका बसला. मालिका गेली की "चला" गेलं. रविवारी मी बस पकडून राखोलीला गेले. कारखान्याच्या मागच्या चाळीत सुकदेवभाऊ स्टोव्हवर भात लावत होते. मला बघून उभे राहिले.

मी म्हटलं, "भाऊ, मी चुकले. डबी डाळीच्या पिंपात होती."

"मालूम शे," ते म्हणाले. "जयंतीभाई भेटले व्हते."

"मी तुम्हाला चोर ठरवलं."

"नही वहिनी. तुम्ही फक्त पिशवी देखली." यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग मी विचारलंच, "गुरुवारी तुम्ही येता का?" ते म्हणाले, इथे त्यांची दुपारची पाळी, रात्री अकराला सुटतात. बाजूच्या खोलीतला माणूसही त्याच पाळीत, त्यानंही मान डोलावली. मग पाइप कोण फिरवतं, म्हणून मी सगळं सांगितलं — कुलूप, रांगोळी, पॉलिश. त्यांनी स्टोव्ह बंद केला.

"वहिनी," ते म्हणाले, "मी बी कव्हा फिरवला नही."

"म्हणजे?"

"मी वर जाऊ ना, तव्हा पाइप टाकीकडेच राहे. पहिल्या दिवसापासून. मले वाटे तुम्हीच फिरवून ठेवता. मी नुसता पाइप धरे, अन् आवाज देऊ. मुंग्या राह्यल्या तर चिमूटभर इकडं-तिकडं करू, बस्स. मंग आठ वाजता ताडाकडं मात्र मीच नेऊ."

"सांगितलं का नाहीत?"

"तुमले सांगतो?" ते हसले. "तुम्ही मलेच धरलं असतं!"

बरोबर होतं. मी त्यांनाच धरलं असतं. मी हात जोडून म्हटलं, शेवटच्या भागाला या, आप्पा तुमची वाट बघतात. पाळी बदलून येतो म्हणाले.

गुरुवारी हे खानवेलला सर्व्हेच्या कामाला गेले होते, मुक्कामी. जयंतीभाई-मंजुबेन देवदर्शनाला. घरात आप्पा, मी, आणि सव्वासातला आलेले सुकदेवभाऊ. मी म्हटलं, "आज तुम्ही खाली बसा आप्पांपाशी. वर मी जाते." मला ते बघायचंच होतं. चोराला त्याच्या वेळेला धरायचं होतं.

कुलूप काढून मी गच्चीवर गेले आणि दार गच्चीच्या बाजूनं लावून घेतलं. टाकीमागे बघितलं, कठड्यावरून वाकून नळ बघितला. अजून उजेड होता, पावसानं उघडीप दिली होती. दोरीवर मंजुबेनच्या साड्या वाळत होत्या, एकीचाही पदर हलत नव्हता. पाइप ताडाच्या खुणेवर. मी सुकदेवभाऊंनी केलेला दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. मनात म्हटलं, ये आता.

आणि दांडा माझ्या तळव्यांना रेटायला लागला. एकदम झटका वगैरे नाही. जात्याला समोरून दुसऱ्या बाईनं हात लावल्यावर जसा खुंटा आपल्या हातात फिरतो, तसा — सावकाश, ओळखीचा. मी रोखायचा प्रयत्न केला. खरंच केला. पाय रोवले. पण तो मला घेऊन फिरला, टाकीच्या खुणेपर्यंत, आणि थांबला. काय करावं सुचेना, तेव्हा सवयीनं तोंडातून तेच गेलं जे दर गुरुवारी या गच्चीवरून जायचं. मी ओरडले, "दिसतंय का?"

खालून खिडकीतून उत्तर आलं. "दिसतंय, शैला! सोड आता!"

आप्पांचा आवाज. जड नाही, बोबडा नाही. चिपळूणच्या ओटीवरून हाक मारायचे तसा. माझे हात दांड्यावरून सुटले आणि मी तिथेच मट्कन बसले, रडले. किती वेळ, ते सांगता येत नाही. खाली जायला हवं होतं, ते तोंड बोलताना बघायला हवं होतं, पण मी उठले नाही.

त्यानंतर आप्पा बोलले नाहीत. त्या दिवशी "चला"सुद्धा म्हणाले नाहीत. पडद्यावरच्या आजोबांनी घड्याळाला शेवटची किल्ली दिली, तेव्हा त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. चार महिन्यांनी ते गेले. पाइप मात्र पुढच्या गुरुवारपासून ताडाच्या खुणेवरच राहिला. मी बरेच गुरुवार तपासला. पुढे केबल आली, रंगीत टीव्ही आला, पाइपाला कपडे वाळत घालायची दोरी बांधली गेली. आमची बदली झाली.

पाइपाचं स्पष्टीकरण माझ्यापाशी नाही. बैठक झिजली असेल, लोखंड दिवसा तापून संध्याकाळी आकसत असेल, जमीन थरथरत असेल — भूगोलाच्या बाईला अशी दहा कारणं सुचतात. गुरुवारचं कारण एकातही बसत नाही. आवाजाचं म्हणाल, तर तुमच्यातले माझ्यासारखे लोक आत्ताच म्हणत असतील — बाई, खोलीत माणसं दोन, एकाची वाचा गेलेली. मग ओरडलं कोण हे काय विचारायचं? सुकदेवनं नक्कल केली.

मलाही तेच वाटलं होतं. जिना उतरता उतरताच वाटलं, तेवढी मी बदललेली नव्हते. डोळे पुसले, आणि त्यांना काय काय सुनवायचं ते मनात जुळवत दारात आले. सुकदेवभाऊ भिंतीला पाठ लावून उभे होते. चेहरा पांढरा फटक. आप्पांचा डावा हात अजून खिडकीकडे वर होता. मी तोंड उघडायच्या आधीच भाऊंनी मला विचारलं —

"वहिनी... शैला कोण शे?"